बातमीतली घरफोडी आणि लालबागचं कुलूप



आज आपल्याला जुन्या मुंबईतल्या लालबागला जायचंय. तिथं आपण दोनदा थांबणार आहोत, एकदा १८९७ साली आणि एकदा १९७५ साली. दोन्ही वेळा शहरात काहीतरी बिघडलं होतं. वर्तमानपत्रं त्याच बातम्यांनी भरली होती आणि त्या अडचणीतूनच कुणीतरी नवं काम उभं केलं. बचत गटाच्या बैठकीत आपण नेहमी विचारतो, ‘धंदा करायचा, पण कशाचा?’ मग पापड, लोणची, शिवणकाम, फार तर शेळीपालन, इथंच आपली यादी थांबते. कारण आपल्याला काय येतं, इथून आपण सुरुवात करतो. लोकांना कशाची अडचण आहे, इथून सुरुवात केली तर काय होतं, ते आज पाहू.

आधी १८९६ सालची मुंबई डोळ्यांसमोर आणा. साधारण आठ लाख वस्तीचं शहर. गिरण्या जोरात, बंदर गजबजलेलं. सप्टेंबर महिन्यात बंदराजवळच्या मांडवी भागात लोक तापानं आणि काखेत, जांघेत येणाऱ्या गाठींनी मरू लागले. मूळ गोव्याचे डॉक्टर अकासियो व्हिएगस यांनी ओळखलं, की हा गाठीचा प्लेग आहे. मांडवीत धान्याची गोदामं होती, गोदामांत उंदीर होते आणि शेजारी खेटून उभ्या असलेल्या चाळी होत्या. पुढच्या चार-पाच महिन्यांत लाखो माणसं मुंबई सोडून गावाकडं पळाली. १८९७ च्या फेब्रुवारीत सरकारनं साथीच्या रोगांचा कायदा केला. हाच कायदा तुम्ही-आम्ही २०२० साली कोरोनाच्या वेळी पुन्हा ऐकला.

अशा विस्कटलेल्या शहरात अर्देशीर गोदरेज नावाचा एक पारशी तरुण दुसऱ्यांदा उद्योगाच्या शोधात होता. त्याचं शिक्षण वकिलीचं. वकिलीसाठी तो आफ्रिकेतल्या झांजीबारला गेला होता. पण अशिलासाठी सत्याला मुरड घालणं त्याला जमेना, म्हणून वकिली सोडून तो परत आला. मग मेरवानजी कामा नावाच्या परिचितांकडून तीन हजार रुपये कर्ज घेऊन त्यानं शस्त्रक्रियेची हत्यारं बनवायला घेतली. माल चांगला उतरला. घेणाऱ्यालाही तो पसंत पडला, पण त्याची अट अशी, की हत्यारांवर भारतात बनल्याचं लिहायचं नाही. अर्देशीर म्हणाला, लिहीन तर तेच लिहीन. सौदा फिसकटला आणि तो धंदा बंद पडला.

यानंतरची गोष्ट गोदरेज घराण्याच्या इतिहासात आवर्जून सांगितली जाते. अर्देशीरनं वर्तमानपत्रात एक बातमी वाचली. मुंबईत घरफोड्या वाढल्या आहेत आणि लोकांनी आपापली घरं, कचेऱ्या नीट बंद ठेवाव्यात असं पोलीस आयुक्तांनी बजावलं आहे, अशी ती बातमी होती. त्या दिवशी हजारो लोकांनी ती वाचली असणार. कुणी घाबरलं असेल, कुणी पोलिसांना नावं ठेवली असतील, कुणी शेजाऱ्याला म्हणालं असेल, काय दिवस आलेत! अर्देशीरच्या मनात वेगळा प्रश्न आला. घर नीट बंद ठेवा म्हणतात, पण कशानं?

हा प्रश्न साधा वाटतो, पण सगळी गोष्ट त्यातच आहे. त्या वेळी बाजारात दोन प्रकारची कुलपं मिळत. विलायती कुलूप चांगलं असे, पण महाग. आपल्याकडचे कारागीर हातानं कुलपं बनवत, ती स्वस्त असत. पण हातानं घडवलेल्या कुलपांत आतले भाग अचूक बसत नसत आणि एकाची किल्ली दुसऱ्याला लागण्याची भीती असे. म्हणजे मधल्या माणसाला, चार पैसे गाठीला असलेल्या दुकानदाराला किंवा कारकुनाला, परवडेल आणि भरवसा ठेवता येईल असं कुलूपच नव्हतं. बातमी चोरांबद्दल होती. तिच्या मागची उणीव कुलपाची होती.

पहिला धंदा बुडाला असतानाही मेरवानजी कामांनी त्याला पुन्हा भांडवल दिलं. ७ मे १८९७ रोजी लालबागला, बॉम्बे गॅस वर्क्सच्या शेजारी, जेमतेम दोनशे चौरस फुटांच्या एका शेडमध्ये काम सुरू झालं. आपल्या गावातल्या अंगणवाडीच्या खोलीएवढी जागा म्हणा ना. गुजरात आणि मलबारहून आणलेले डझनभर कारागीर. कुलपाचं नाव ‘अँकर’.

त्यानं बातमी वाचली आणि लगेच माल बाजारात आणला, असं समजू नका. कुलूप कसं फोडलं जातं, आतली कळ कुठं फसते, याचा त्यानं बारकाईनं अभ्यास केला. प्रत्येक कुलपाची किल्ली वेगळी असेल, एकाची दुसऱ्याला लागणार नाही, ही हमी हा त्याच्या मालाचा कणा होता. पुढे त्यानं दोन किल्ल्यांचं एक कुलूप काढलं. एका किल्लीनं आतली रचना अशी बदलता येई, की दुसरी किल्ली चालेनाशी होई. नोकराकडं किल्ली दिली आहे आणि मन धास्तावलंय, अशा घरासाठी ते होतं. म्हणजे गिऱ्हाइकाची भीती नेमकी कशाची आहे, इथपर्यंत तो पोचला होता. कुलपानंतर तिजोऱ्या आल्या. तीही त्याच प्रश्नाची पुढची पायरी होती. घर बंद झालं, आता घरातल्या दागिन्यांचं आणि कागदपत्रांचं काय?

मैत्रिणींनो, इथं जरा थांबू. कारण त्याच वर्षी, त्याच प्लेगच्या बातम्या ऐकून, पुण्यात एका बाईनं वेगळं काम हाती घेतलं होतं. सावित्रीबाई फुले तेव्हा साठीच्या पुढे होत्या. डॉक्टर झालेला त्यांचा मुलगा यशवंत यानं पुण्याजवळ प्लेगच्या रोग्यांसाठी दवाखाना उघडला आणि सावित्रीबाई त्यात राबू लागल्या. रोग्यांना त्या स्वतः तिथं आणत. त्यातच त्यांना लागण झाली आणि १० मार्च १८९७ ला त्या गेल्या. लालबागचं ते शेड सुरू व्हायच्या दोन महिने आधी.

या दोन गोष्टी मी मुद्दाम शेजारी ठेवतेय. बातमीतली प्रत्येक अडचण धंद्याची नसते. मरणाऱ्या माणसाला उचलून दवाखान्यात नेण्याचं बिल लावायचं नसतं, तिथं सेवाच लागते. काही अडचणींत सरकारला जाब विचारावा लागतो. आणि काही अडचणी अशा असतात, की कुणीतरी चांगली वस्तू किंवा चांगली सोय रास्त दरात दिली तर त्या हलक्या होतात. यातली कुठली अडचण कुठल्या खणात जाते, हे ओळखणं ही पहिली पायरी. ती चुकली, तर आपण दुसऱ्याच्या दुःखावर दुकान मांडतो.

तसं दुकान मांडणारेही बातम्या वाचतातच. १९७२ चा दुष्काळ आपल्यातल्या वडीलधाऱ्यांना आठवत असेल. खडी फोडायची कामं, रेशनवरची लाल मिलो ज्वारी, सुकडी. पाऊस नाही अशी बातमी आली, की साठेबाजही ती वाचत आणि धान्य दडवत. अडचणीतली ‘संधी’ त्यांनाही दिसत होती! कुलूप बनवणाऱ्यात आणि साठेबाजात फरक एवढाच, की कुलूप विकलं गेलं की लोकांची अडचण कमी होते, आणि साठेबाजाचा नफा अडचण वाढेल तसा वाढतो. आपला धंदा कोणत्या जातीचा आहे हे ओळखायला ही एकच कसोटी पुरे. आपली विक्री वाढली तर लोकांचा त्रास कमी होईल का? उत्तर ‘हो’ असेल, तर पुढे जायला हरकत नाही.

त्याच महागाईविरुद्ध मुंबईच्या बायका हातात लाटणी घेऊन रस्त्यावर उतरल्या. मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर अशा बायका पुढे होत्या. लाटणे मोर्चा हा शब्द तेव्हापासून मराठीत रुळला. ही सरकारला जाब विचारण्याची वाट. पण त्याच काळात, त्याच लाटण्याच्या जोरावर, गिरणगावात एक दुसरी वाटही निघत होती. म्हणून आता आपण पुन्हा लालबाग-परळला येऊ.

गिरणी कामगार हा मुख्यतः कोकणातून आणि घाटावरून आलेला. बायको-मुलं गावी, आणि हा मुंबईत एका खोलीत दहा-पंधरा जणांबरोबर राहणारा. खोलीत आळीपाळीनं झोपायचं, पाळी बदलली की दुसऱ्यानं तिथंच अंग टाकायचं. मग हा जेवणार कुठं? चाळीतल्या खानावळीत. म्हणजे कुणातरी बाईच्या दहा बाय दहाच्या खोलीत. ती बाई पहाटे उठून वीस-तीस माणसांच्या भाकऱ्या थापायची. पहिल्या पाळीच्या माणसाला वेगळ्या वेळी वाढायचं, रात्रपाळीच्या माणसाला वेगळ्या. कुणी विधवा, कुणाचा नवरा आजारी, कुणाची नोकरी सुटलेली. पैसे महिन्याच्या महिन्याला, पगार झाला की मिळणार.

आता हिशोब बघा. जेवण रोज घालायचं, पैसे महिन्यानं यायचे. मधल्या काळात तांदूळ, पीठ, तेल वाण्याकडून उधार. उधारीचा माल महाग आणि निवडायची सोय नाही. कमी पडलं तर सावकार. समजा, शेकडा दहा रुपये महिना या दरानं दीड हजार रुपये काढले, तर महिन्याला दीडशे रुपये व्याज, वर्षाला अठराशे. मुद्दल तसंच. बाई दिवसभर चुलीपुढं आणि कमाई सावकाराच्या घरात.

१९७३-७४ साली गिरण्यांत मोठा संप झाला. वर्तमानपत्रांत बातम्या आल्या त्या गिरणीमालक, युनियन, बोनस, वाटाघाटी यांच्या. पगार बंद होता, तरी कामगार जेवत होते. कुणाच्या जिवावर? या खानावळवाल्या बायकांच्या. त्यांनी उधारीवर जेवण घातलं, भांडी गहाण टाकली, अंगावरचं किडूकमिडूक मोडलं. पण बातमीत त्या नव्हत्या.

प्रेमा पुरव यांना त्या दिसल्या. प्रेमाताई गोव्याच्या, गोवा मुक्तिसंग्रामात उतरलेल्या, आणि मुंबईत कामगारांच्या चळवळीत काम करणाऱ्या. संपाच्या बातमीमागं स्वयंपाकघर आहे आणि त्या स्वयंपाकघराला भांडवल नाही, हे त्यांच्या ध्यानात आलं. मग त्यांनी दुसऱ्या एका बातमीशी याची सांगड घातली. १९ जुलै १९६९ ला सरकारनं १४ मोठ्या बँकांचं राष्ट्रीयीकरण केलं होतं. बँका आता गरिबांना कर्ज देतील, असं सरकार सांगत होतं. अगदी गरिबांसाठी चार टक्के व्याजाची योजनाही १९७२ पासून होती. बातमी जुनी झाली, तरी गिरणगावातली एकही खानावळवाली बँकेची पायरी चढली नव्हती. तारण काय देणार? पोळपाट-लाटणं?

१९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ उभं राहिलं. बायकांचे छोटे गट केले. एकीच्या कर्जाला बाकीच्यांनी जामीन राहायचं. प्रेमाताई पहिल्या १४ जणींना घेऊन बँक ऑफ बडोदात गेल्या आणि प्रत्येकीला दीड हजार रुपये कर्ज मिळालं. मघाचा हिशोब आठवा. दीड हजारावर चार टक्क्यांनी वर्षाचं व्याज होतं साठ रुपये. कुठं अठराशे आणि कुठं साठ! बाईच्या हाताची चव तीच, गिऱ्हाईक तेच, खोलीही तीच. बदललं ते भांडवल. रोखीनं माल भरता आला, की वाण्याशी बोलण्याचा आवाजही बदलतो. चौदा जणींपासून सुरू झालेलं हे काम पुढं हजारो बायकांपर्यंत पोचलं आणि २००२ साली प्रेमाताईंना पद्मश्री मिळाली.

अर्देशीरला बातमीत एका वस्तूची उणीव दिसली आणि त्यानं ती बनवली. खानावळवाल्या बायकांचा धंदा आधीच चालू होता. लोकांची अडचण त्यांनी कधीच ओळखली होती आणि रोज भागवतही होत्या. फक्त त्याला कुणी उद्योग म्हणत नव्हतं, त्यांचं त्यांनाही तसं वाटत नव्हतं. ‘बाई घरात दोन माणसं जेवायला घालते’ एवढंच. आपल्यातल्या कितीजणी असं काहीतरी करतात? कुणी शेजारच्या तिघींची मुलं सांभाळते, कुणी बाळंतिणीला न्हाऊमाखू घालते, कुणी गावाचे फॉर्म भरून देते. त्याचा हिशोब मांडला, त्याला भांडवल आणि नाव दिलं, तर तो उद्योगच आहे.

या गोष्टीला एक कडू शेवटही आहे आणि तो लपवायला नको. १८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरण्यांचा मोठा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले. महिने गेले, वर्ष गेलं. हजारो कामगार गावी परतले, ते मुंबईला पुन्हा आलेच नाहीत. खानावळीचं गिऱ्हाईकच गेलं. एका गिरणीच्या भोंग्यावर ज्यांची चूल चालत होती, त्यांची चूल विझली. अन्नपूर्णा टिकली, कारण मंडळानं वेळीच मोठ्या प्रमाणावर जेवण पुरवण्याचं काम आणि बायकांचं प्रशिक्षण अशी दुसरी कामं उभी केली होती. ज्या बातमीतून धंदा उभा राहिला, ती परिस्थिती बदलणार हे धरूनच चालायचं असतं. गोदरेजही कुलपावर थांबले नाहीत. १९१९ च्या सुमारास त्यांनी वनस्पती तेलाचा साबण काढला, कारण साबणात प्राण्यांची चरबी असते ही लोकांची तक्रार होती. त्या साबणाचं नाव होतं ‘चावी’. कुलपाची आठवण नावात राहिली, माल मात्र नवा. आणि स्वतंत्र भारताची पहिली निवडणूक आली, तेव्हा विक्रोळीच्या कारखान्यातून लाखो मतपेट्या बाहेर पडल्या.

काही अडचणी तर बातमीत येतच नाहीत. साताऱ्याच्या माण तालुक्यात रोजंदारीवर जगणाऱ्या बाईला दिवसाचे पाच-दहा रुपये बाजूला टाकायचे होते आणि कुठलीच बँक एवढी लहान बचत घ्यायला तयार नव्हती. ही काही पेपरात छापून येणारी बातमी नाही. चेतना गाला सिन्हा आणि म्हसवडच्या बायकांनी ठरवलं, की आपलीच बँक काढू. रिझर्व्ह बँकेनं पहिला अर्ज नाकारला, कारण त्यावर सह्यांऐवजी अंगठे होते. बायका लिहायला शिकल्या आणि काही महिन्यांनी परत गेल्या. आम्हाला लिहिता येत नव्हतं, पण हिशोब येतो, व्याज तोंडी काढायला सांगा, असं त्यांनी अधिकाऱ्यांना सांगितलं, ही हकीकत चेतनाताई जाहीरपणे सांगतात. १९९७ साली माणदेशी महिला सहकारी बँक सुरू झाली. पुढे २००८ मध्ये त्यांनी स्वतःचा रेडिओही काढला. आपली बातमी दुसरं कुणी देत नसेल, तर ती आपणच द्यायची.

आता आपल्या गावातल्या दोन साध्या बातम्या घेऊ. पहिली, शाळेच्या वेळेची एसटी बंद झाली आणि मुलींची शाळा सुटायची वेळ आली. इथं खासगी गाडी लावायचा मोह होईल. पण ज्या आई-बापांना पाससुद्धा जड जातो, ते भाडं कुठून देणार? ही आगारात जाऊन एसटी परत मिळवायची अडचण आहे. लाटणे मोर्चाची वाट! दुसरी बातमी, टोमॅटोचा भाव पडला, शेतकऱ्यानं माल रस्त्यावर ओतला. इथं शेतकऱ्याला विकून उपयोग नाही, त्याच्याकडं पैसाच नाही. पण तालुक्याच्या हॉटेलांना भाव चढतो तेव्हा टोमॅटो परवडत नाही, ही त्याच बातमीची दुसरी बाजू. स्वस्ताईत रास्त दर देऊन विकत घ्यायचं, वाळवायचं किंवा प्युरी करायची, आणि भाव चढल्यावर हॉटेलांना पुरवायचं. शेतकऱ्याचा माल वाचला, हॉटेलवाल्याची सोय झाली. अडचण ज्याची, तोच पैसे देईल असं नसतं. मोजून पैसे देणारा कोण, हे वेगळं शोधावं लागतं.

तेव्हा या आठवड्यात एक करा. आपल्या रेडिओवरच्या आणि तालुक्याच्या पेपरातल्या पाच अडचणी वहीत लिहा. प्रत्येकीपुढं चार ओळी सोडा. त्रास नेमका कुणाला होतो? लोक आज त्यावर काय उपाय करतात, आणि त्यात कुठं फसतात? त्यासाठी पैसे कोण देईल? आणि आपली विक्री वाढली, तर त्रास कमी होईल का? उत्तरं घरी बसून लिहू नका. एसटीत, दळणाच्या गिरणीवर, दवाखान्याच्या रांगेत जाऊन विचारा. बैठकीच्या दिवशी वही सोबत घ्या आणि पाचांपैकी एकच अडचण निवडा. दोनशे चौरस फूट जागा आणि दीड हजार रुपये, एवढ्यावर लालबागमध्ये काय काय झालं, ते तुम्ही आत्ताच ऐकलंत.

पुढच्या बुधवारी पुन्हा भेटू. नमस्कार.